भिंतीकडची झुकिनी

मावशीने रक्तदाबाची गोळी चार दिवसांपासून बंद केली होती. "तोंड कडू होतं, अन्न घशाखाली उतरत नाही," असं तिने आईला फोनवर सांगितलं आणि विषय संपवला. आईने मला पाठवलं. "तू रसायनशास्त्र शिकलीस ना, तूच समजाव तिला." रसायनशास्त्राचा मावशीवर परिणाम झाल्याचं एकही उदाहरण आमच्या घरात नव्हतं, तरी मी गेले.

मावशी कपडे शिवते. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागे स्वयंपाकघर आणि त्यामागे भिंतीपर्यंत दहा पावलांचं अंगण. स्वयंपाकघराच्या दारात झुकिन्यांनी भरलेल्या दोन बादल्या होत्या. झुकिनी म्हणजे दिसायला काकडी आणि स्वभावाने दुधी. मावशीने हौसेने तीन झाडं लावली, आणि आता ती आवरत नव्हती.

"आलीस? बरं झालं. जाताना दहाबारा घेऊन जा."

तिचे गाल बसले होते. मी रक्तदाब मोजला.

"वरचा आकडा एकशे बासष्ट आहे, मावशी."

"इंच की सेंटिमीटर?"

"हसू नकोस. गोळी का बंद केलीस?"

"तीन आठवडे जीभ कारल्यासारखी झालीय. गोळीसुद्धा तेव्हापासूनच. वेगळं काय सांगू?"

"पण चार दिवस गोळी नाही. मग कडूपणा गेला?"

"असा कसा जाईल? अंगात भिनलाय तो."

वाद घालण्यापेक्षा तिला जेवायला घालावं, असं मी ठरवलं. चव येईल असं काहीतरी, आणि बादल्याही रिकाम्या होतील. झुकिनीत पाणीच फार. बादलीतली एक मोठी किसली, सहाशे ग्रॅम कीस निघाला, त्याला मीठ लावून दहा मिनिटं ठेवलं. पिळल्यावर पावणेदोनशे मिलिलिटर पाणी निघालं. उरलेल्या किसात एक अंडं, तीन चमचे पीठ आणि मिरपूड घालून तव्यावर चपट्या टिक्क्या लावल्या. दुसरी मोठी कांदा-बटाट्याबरोबर शिजवून तिचं सूप केलं. कोपऱ्यातल्या पिशवीत दोन लहान झुकिन्या होत्या. त्यांचे बोटभर जाड काप तापलेल्या तव्यावर लसणाबरोबर परतले. मीठ शेवटी, नाहीतर पाणी सुटून काप भाजण्याऐवजी उकडतात.

मावशीने सूप चमचाभर घेतलं आणि वाटी सरकवली. टिक्कीचा एक तुकडा खाल्ला.

"कडू. तुझा दोष नाही गं." मग तिने एक काप उचलला. दुसरा उचलला. "हे बरे लागतायत."

सवयीने मी माझ्या वहीत लिहिलं, भाजल्यामुळे कडूपणा झाकला जातो का? मग लक्षात आलं की टिक्क्याही भाजलेल्याच होत्या.

"मावशी, सकाळचा चहा कडू लागतो?"

तिने आठवून पाहिलं. "सकाळचा नाही. दुपारी जेवणानंतरचा लागतो."

"आणि गोळी कधी घ्यायचीस?"

"सकाळी. चहाच्या आधी." ती थांबली. "थांब जरा."

मी सूप चाखलं. चाखलं म्हणजे बेसिनकडे पळाले. ते सूप इतकं कडू होतं की जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी चिकटून बसल्यासारखं वाटलं. तिथे गोळीचा काही संबंध नव्हता, कारण मी कुठलीच गोळी घेत नव्हते.

"तू काकडी कापताना आधी चकती चाखतेस, मग झुकिनी का नाही चाखलीस?"

"तोंडच कडू, तर चाखून काय कळणार?" मावशी म्हणाली. बोलता बोलता तिलाच हसू आलं.

सुरी घेऊन आम्ही अंगणात गेलो. पहिलं झाड, एक काप, जिभेच्या टोकावर. गोड. दुसरं आणि तिसरंही गोड. भिंतीला टेकून चौथं होतं, सगळ्यात मोठं आणि फळांनी वाकलेलं.

"हे कुठून आलं? तू तर तीनच लावली होतीस."

"आपोआप उगवलं, गेल्या वर्षीच्या साली-बियांच्या ढिगातून. भिंतीपलीकडच्या शोभेच्या भोपळ्यांना लागून आहे ना, तिकडेच पसरतं. सगळ्यात गुणी हेच."

गुणी झाडाचा काप मी लगेच थुंकला.

"या तीन झाडांच्या झुकिन्या जातात कुठे?"

"शेजारी. पिशवीतल्या दोन त्यातल्याच. सरळ, लहान, चकचकीत असतात, द्यायला बऱ्या दिसतात. याच्या वाकड्या मी ठेवते. लोकांना वाकडं कसं देणार?"

म्हणजे गावभर गोड वाटून ही बाई तीन आठवडे रोज कडू खात होती आणि गोळीला दोष देत होती. मी तिला सांगितलं, शोभेच्या भोपळ्याशी परागीकरण झालेल्या बियांतून असं झाड येऊ शकतं. हा कडूपणा शिजवून जात नाही आणि पोटाला बाधतो.

"पोटही बिघडलं होतं," ती हळूच म्हणाली. "तेही गोळीच्याच नावावर टाकलं मी."

"हे उपटायला लागेल."

"फळं कसली धरलीयत बघ."

"म्हणूनच."

तिने साडीचा पदर खोचला, बुंधा दोन्ही हातांनी धरला आणि एकदाच ओढला. मुळं लगेच सुटली. मला हात लावू दिला नाही.

मी तिच्या डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, गोळी आजच पुन्हा सुरू करा, चुकलेल्यांच्या बदल्यात जास्तीची घेऊ नका, आणि चार दिवसांनी दाखवायला या.

मग मी गोड झाडांच्या झुकिन्यांच्या टिक्क्यांचा नवा घाणा काढला, प्रत्येक झुकिनी आधी चाखून आणि या वेळी लसूण घालून. मावशीने दोन टिक्क्या खाल्ल्या, तिसरीचे चार तुकडे केले.

"पुन्हा कडू लागलं तर?" तिने विचारलं.

"तर मी म्हणेन तुझं खरं होतं, आणि डॉक्टरांकडे गोळी बदलून मागू. पण तोपर्यंत बंद करायची नाही."

"वहीत लिही तसं. सही कर खाली."

मी लिहिलं, तारीख घातली, सही केली. तिने चष्मा लावून दोनदा वाचलं, पाण्याचा पेला जवळ ओढला आणि गोळी गिळली. थोडा वेळ जीभ टाळूला लावून बसली.

"काय लागतंय?"

"लसूण," ती म्हणाली, आणि टिक्कीचा पुढचा तुकडा उचलला.