जाळीतले कप

तिने मार्करचं टोपण दातांनी ओढून काढलं आणि थर्मोकोलच्या कपावर म्हैस काढायला घेतली. शिंगं झाली, पाठ झाली, लांबलचक शेपटीही झाली, पण पायांना जागाच उरली नाही. मग तिने खाली दोन-चार लाटा ओढल्या आणि म्हैस सरळ पाण्यात बसवून टाकली.

"म्हैस झकास जमलीय हो ताई," क्रेनवाले मामा खांद्यावरून डोकावत म्हणाले. "फक्त खरी म्हैस एवढी हसत नाही."

"आमची हसते," ताई म्हणाली.

त्यांची म्हैस म्हणजे बाहेर डेकवर उभा असलेला पिवळा रोबो. लहानशा मोटारीएवढा, पुढे दोन लोखंडी हात, कपाळावर दिवे आणि कॅमेरे. ताई त्याची पायलट. जहाजावरच्या खोलीत खुर्चीत बसून ती जॉयस्टिक हलवायची आणि तीन किलोमीटर खाली, समुद्राच्या तळाशी, म्हैस तिच्या बोटांच्या इशाऱ्यावर चालायची. तिथे माणसाने जायचं म्हटलं तर पाण्याच्या दाबाने चेंदामेंदाच व्हायचा. म्हैस एकदा पाण्यात शिरली की बाहेर यायचं नाव घेत नाही, म्हणून कुणीतरी या रोबोला म्हैस म्हटलं आणि तेच नाव पडलं.

कपांची रीतही खोल पाण्यातलीच. मोठ्या कामाच्या दिवशी म्हशीच्या सांगाड्याला एक जाळीची पिशवी बांधायची आणि त्यात प्रत्येकाने नाव घालून, चित्र काढून आपला एकेक कप ठेवायचा. खालचा दाब थर्मोकोलमधली हवा पार पिळून काढतो. वर येतो तो कप बोटाच्या पेराएवढा, पण नावासकट, चित्रासकट, हुबेहूब. लोक तो घरी नेऊन मिरवतात. ताईच्या घरचं काचेचं कपाट अशा कपांनी भरलं होतं. लेक कुरकुरायची, "आई, आता यात टाचणी ठेवायलासुद्धा जागा नाही गं!"

"कागद!" टेबलाच्या टोकाकडून आवाज आला. "मध्ये कागद घातल्याशिवाय एकही कप दुसऱ्यात जाणार नाही."

हे गुरुजी. खरं तर पंपाचे इंजिनिअर, पण शिकवायची खोड अशी की जेवताना कुणी मीठ मागितलं तरी आधी मिठाचे गुणधर्म ऐकावे लागायचे.

"कागद नसला की दोन्ही कप एकदमच आकसतात," गुरुजी सांगत होते, "आणि एकमेकांत असे रुततात की मोडल्याशिवाय सुटत नाहीत. मागच्या खेपेला स्वयंपाकी आणि वेल्डर यांचं काय झालं, आठवतंय ना?"

आठवत नसेल तरच नवल! दोघांचे कप एकमेकांत अडकून वर आले होते. तो घरी कुणी न्यायचा यावरून अशी जुंपली की वेल्डरला कित्येक दिवस करपलेलाच टोस्ट मिळाला. तेव्हापासून जाळी भरण्याचं काम गुरुजींनी स्वतःकडे घेतलं होतं.

ताईने आपला कप त्यांच्यापुढे धरला. गुरुजींनी तो दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ बघितला.

"छान आहे," ते म्हणाले. "शेपटी किंचित लांब झालीय."

बस्स, एवढंच! ताईने त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

कारण प्रश्न शेपटीचा नव्हताच. महिन्याभरापूर्वी याच डेकवर, दुपारच्या उन्हात, कठड्याला टेकून चहा पिताना तिने गुरुजींना सरळ विचारलं होतं, "आपण लग्न करायचं का हो?" आडपडदा तिला कधी जमलाच नाही. लेक शाळेत असतानाच नवरा गेला, तेव्हापासून घरचं आणि दारचं तिने एकटीनेच ओढलं. या माणसाबरोबर मात्र तासन् तास पडद्यावरचा नुसता चिखल बघत बसली तरी तिचा वेळ मजेत जायचा. असं माणूस पुन्हा कुठे भेटायचं?

गुरुजी तेव्हा म्हणाले होते, "विचार करून सांगतो. पंप एकदा बसू दे."

म्हणजे मी काय तुमच्या पंपामागे रांगेत उभी आहे का, असं तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण तिला हसूच फुटलं. त्यानंतर गुरुजींनी तो विषय काढला नाही आणि तिनेही नाही. आज पंप बसायचा होता. उद्या सकाळच्या हेलिकॉप्टरने गुरुजी जाणार होते. पुढचं जहाज कुठलं, कुणाला ठाऊक. आज बोलले नाहीत तर मग राहिलंच.

खिशात फोन थरथरला. लेकीचा मेसेज: "बोलले का?"

"शेपटी लांब आहे म्हणाले," ताईने लिहिलं आणि ती कामाला गेली.

म्हैस जाळी घेऊन पाण्यात उतरली. मागोमाग मामांनी क्रेनवरून पंप सोडला. ट्रकएवढं ते धूड तारेच्या टोकाशी लोंबत काळोखात उतरत गेलं. हा पंप थेट समुद्राच्या तळावर बसणार होता, तिथेच बसून जमिनीखालचं खनिज तेल नळांतून दूरवर ढकलणार होता. डोक्यावर तेल काढणाऱ्यांचं भलंमोठं तरंगतं गाव उभारायची गरजच नाही. असा पंप इतक्या खोलवर आजवर कुणी बसवला नव्हता. गुरुजींची उमेदीची वर्षं त्यात गेली होती.

तळाजवळ म्हशीच्या दिव्यांत पंपासाठी बांधलेला चौथरा दिसू लागला. एक फिकट, डोळे वटारलेला मासा चौथऱ्यावर ऐसपैस पसरला होता.

"त्याला उठवा कुणीतरी," मामा हेडफोनमधून म्हणाले. "भाड्याने दिलेलं नाही म्हणावं."

ताईने म्हशीचा हात हळूच पुढे केला तसा मासा मोठ्या नाराजीने निघून गेला. तिने पंपाची कडा पकडली. वर जहाज लाटेवर डुलत होतं, खाली पंप झुलत होता. चौथऱ्याच्या चार खुंट्या आणि पंपाच्या चार खोबण्या, दोन्हींचं गणित काही जमेना.

"डावीकडे," गुरुजी म्हणाले. ते खुर्चीमागे उभे होते आणि खुर्चीची पाठ त्यांनी इतकी घट्ट धरली होती की खुर्ची ताईसकट हलत होती. "नाही, उजवीकडे. म्हणजे तुमची डावी."

"गुरुजी, खुर्ची सोडा. इथे खुर्ची हलली की तिथे म्हैस हलते."

त्यांनी खुर्ची सोडली. ताईने जॉयस्टिक चिमटीत धरून केसभर वळवली. पंप फिरला.

"मामा, सोडा. हळू. अजून हळू... सोडा!"

पंप टेकला आणि तळातला गाळ असा उसळला की सगळे पडदे पिठाने माखल्यासारखे पांढरे झाले. पंप बसला की तिरका पडला, काही म्हणता काही दिसेना. गाळ खाली बसेपर्यंत वाट बघण्यावाचून इलाज नव्हता. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. ताईचा जीव टांगणीला लागला होता. पंपासाठी तर होताच, पण खरं सांगायचं तर नुसता पंपासाठी नव्हता.

"माझा हिशेब चुकला असेल तर?" गुरुजी तिला एकटीलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले.

"तर उचलू आणि पुन्हा ठेवू," ताई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "मी आहे ना."

पांढरेपणा विरळ होऊ लागला. आधी एक खुंटी दिसली, मग दुसरी. चारही खुंट्या खोबणीत बसल्या होत्या. म्हशीने कुलुपाचा दांडा पकडून फिरवला आणि दांड्यावरचा हिरवा पट्टा समोर आला. पंपाला वीज दिली तसा दाबाचा काटा हलला, चढला आणि जिथे थांबायला हवा होता तिथेच थांबला.

मग काय विचारता! मामांनी क्रेनचा भोंगा वाजवला, वेल्डरने स्वयंपाक्याला उचलून घेतलं, जुनं वैर कुठल्या कुठे गेलं. गुरुजी मात्र डोळे पुसत होते आणि चष्मा पुसतोय असं दाखवत होते. सगळे त्यांच्या पाठीवर थापा मारत होते, त्यामुळे तेही नीट साधत नव्हतं. ताई त्यांच्याकडे बघत राहिली. पंप तर बसला. आता?

"आता म्हशीला वर आणायला हवं," गुरुजी घसा खाकरून म्हणाले. "वर येताना वेग फार नको."

दुपार कलता कलता म्हैस डेकवर आली. मामांनी जाळी सोडली आणि सगळ्यांच्या मधोमध टेबलावर पालथी केली. इवलेइवले कप घरंगळले. ज्याने त्याने आपला शोधला, आतला ओला कागद काढून टाकला आणि उन्हात धरला.

"ताई, ही बघा तुमची म्हैस! आता तर डासाएवढी झालीय." मामांनी कप उचलला आणि डोळ्याजवळ नेला. "अरेच्चा! यात आणखी एक आहे."

त्यांनी नखाने ओढून बघितलं. आतला कप तसूभर हलला नाही. त्याच्या वर डोकावणाऱ्या काठावर मुंगीच्या पायांसारखी बारीक, सरळ अक्षरं होती. ते अक्षर जहाजावर एकाच माणसाचं होतं.

"गुरुजी, अहो हा तर तुमचा कप! कागद घालायचा राहिला की तुमचा!"

एकच हशा पिकला. इतक्या वर्षांत गुरुजींची चूक कुणाला सापडली नव्हती. ती सापडल्याचा आनंद पंप बसल्याच्या आनंदाहून काही कमी नव्हता.

"आता टोस्ट करपणार," वेल्डर म्हणाला.

ताई हसत नव्हती. तिने टेबलावर नजर फिरवली. बाकी प्रत्येक कपातून निघालेला ओला कागद तिथे पडला होता. एकाही कपाचा राहिला नव्हता. तिने मामांच्या हातून जोडकप घेतला आणि गुरुजींकडे बघितलं. त्यांचे कान लाललाल झाले होते.

"कागद विसरलात?" तिने विचारलं.

"नाही," गुरुजी म्हणाले.

आता पुढे दाब, हवा आणि थर्मोकोल यांवर सविस्तर काहीतरी येणार म्हणून सगळे थांबले. काहीच आलं नाही. हशा हळूहळू विरला. मामांनी आधी गुरुजींकडे बघितलं, मग ताईकडे बघितलं, आणि वेल्डरला कोपराने ढोसून ते एकाएकी क्रेनकडे चालू लागले. बाकीचेही आपापले कप घेऊन पांगले.

फोन पुन्हा थरथरला. ताईने तो काढलाच नाही.

"तुमच्या कपाटात जागा नाही म्हणाला होतात," गुरुजी म्हणाले.

"करू की," ताई म्हणाली. "बाकीचे थोडे सरकवून घेऊ."