गाठ विरेपर्यंत

रिटा सिस्टरने दट्ट्यावर अंगठ्याचा सगळा जोर लावला, तरी औषध पुढे सरकेना. सुई धोंडूबाईच्या पोटाच्या कातडीखाली होती आणि सिरिंजमधलं औषध काकवीसारखं जागच्या जागी बसलेलं. मग ते एकदम सुटलं आणि धोंडूबाई इतक्या जोरात ओरडली, की ओटीवर उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याने, काशीरामने, भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मरायचं तं सुकानं मरन," श्वास परत आल्यावर ती म्हणाली. "ही सुई नको मना."

औषध मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातून आलं होतं. धोंडूबाईच्या रक्तातच काही बिघडलं होतं. आधी हेच औषध तिला दिवसभर आडवं पाडून सलाईनमधून द्यायचे. आता तेवढंच औषध दाट करून एका चिमुकल्या बाटलीत भरलं होतं, घरच्या घरी कातडीखाली टोचता यावं म्हणून. मुंबईची फेरी वाचली हे खरं, पण शोधून काढणाऱ्यांच्या पोटात काही कुणी ते टोचून पाहिलं नसावं. रिटा पापडी गावातल्या एका दवाखान्यात नर्स होती. चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपली की लुनावरून खाडीकाठच्या या गावात यायची आणि ही सुई द्यायची.

काशीराम तिच्या लुनापर्यंत आला. उभा जन्म मिठागरात आणि भातशेतीत गेलेला माणूस, बोलायची सवय नव्हती. "शिस्टर, कायतरी करा," एवढंच म्हणाला. "ती नाय म्हनली का नाय."

रिटाने मुंबईच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, त्वचेखाली वाट मोकळी करणारं एक औषध असतं, ते आधी दिलं की दाट औषध पटकन पसरतं, पण ते सध्या मिळणार नाही. बाटली फ्रिजमधून आधी काढून ठेवा. थंड असलं की घट्ट, अंगाइतकं कोमट झालं की सैल. हलवू नका आणि सुई सावकाश द्या. रिटाने दीपिकाला, म्हणजे काशीरामच्या सुनेला, निरोप धाडला: बाटलीला जरा ऊब द्या.

निरोपातली ऊब काशीरामने आपल्या परीने समजून घेतली. त्या घरात ऊब द्यायची म्हणजे भातात. लेक वालीवच्या कारखान्यातून उशिरा आला की त्याची कालवणाची वाटीसुद्धा भाताच्या टोपात खोचलेली असायची. काशीरामने नुकतीच पेज काढलेल्या भातात बाटली खोल खुपसली आणि वर झाकण ठेवलं. रिटा आली तेव्हा आतलं औषध गोठून पांढरं झालं होतं.

धोंडूबाईने मान उंचावून पाहिलं. "अंडं उकडलंस का काय रं म्हाताऱ्या?" ती हसली. हसायला मिळालं म्हणून आणि सुई टळली म्हणूनही. काशीराम हसला नाही. त्या दिवशी तो जेवलाच नाही, पेंढ्याच्या उडवीमागे जाऊन बसून राहिला.

पुढल्या खेपेला रिटाने बाटली त्याच्या तळहातावर ठेवली आणि मूठ मिटायला सांगितलं. हाताची ऊब, दुसरी कुठलीच नाही. मिठाने चामड्यासारखा झालेला तो हात. त्यातून ऊब बाहेर येते का, याची तिलाच शंका होती. काशीराम ओटीवर बसला. बिडी नाही, बोलणं नाही. रिटाने बाटली घेतली तेव्हा औषध तेलासारखं वाहत होतं.

या वेळी दट्ट्या अलगद सरकला. "झालं पन?" धोंडूबाईने विचारलं. सुईच्या जागी लिंबाएवढी गाठ उठली होती. चोळायची नाही, रिटाने बजावलं, आपोआप विरेल. वर नुसती ऊब असली तर बरं वाटेल. तिने दीपिकाकडे पाहिलं, पण आत आला तो काशीराम. खाटेच्या कडेला बसला आणि त्याने तळहात त्या गाठीवर ठेवला. दीपिका लाजून चुलीकडे गेली. चारचौघांत ही दोघं कधी एका खाटेवर बसलेली त्या घराने पाहिली नव्हती.

"हात गरम हाय तुजा," डोळे मिटून धोंडूबाई म्हणाली.

"बाटलीचा हाय," काशीराम म्हणाला.

मग दर रविवारी तसंच. आधी मूठ, मग सुई, मग गाठ विरेपर्यंत तळहात. पावसाळा सरला. धोंडूबाई मात्र खंगत चालली, आणि औषध लागू पडत नाही, हवं तर थांबवू, असं डॉक्टर सांगून मोकळे झाले. काशीराम शेतावर गेल्याचं पाहून रिटाने हे तिला सांगितलं.

"ते मना कवाच समजलं," धोंडूबाई म्हणाली. "पन बंद नको करू, बाय. एवढा संसार झाला, म्हाताऱ्यानं माजा हात कवा धरला नाय. आता बसतो जवल. बसू दे."

रिटाने डॉक्टरांना विनवलं. उरलेल्या बाटल्या द्यायला ते हो म्हणाले.

शेवटच्या रविवारी धोंडूबाईला सुई टोचल्याचंही कळलं नाही. काशीरामने नेहमीसारखा हात ठेवला. रिटा पडवीत सुया आवरत होती, तेवढ्यात दीपिकाने हंबरडा फोडला. रिटाने धावत येऊन धोंडूबाईची नाडी पाहिली, मग तिच्या पापण्या मिटल्या. तिच्याकडे करण्यासारखं आणखी काही नव्हतं.

गाव जमलं. बायकांनी आंघोळीचं पाणी तापवलं, पुरुष बांबू घेऊन आले. काशीरामचा हात तिच्या पोटावर तसाच होता. सगळ्या गावादेखत, आणि त्याला कुणाची लाज नव्हती.

"काशीराम, ऊठ आता," शेजारचा जयराम म्हणाला. "पानी तापलंय."

"अजून इरली नाय," काशीराम म्हणाला. मग त्याने रिटाकडे पाहिलं. "माज्या हातनं एक बाटली फुकट गेली, शिस्टर. ही तरी तिला पुरती लागू दे."

रिटाने त्याच्या हाताशेजारी बोटं टेकवून पाहिली. गाठ तशीच होती, टणक. रक्त थांबलं की औषध वाहून न्यायला कुणी उरत नाही, आणि ही गाठ आता कधीच विरणार नव्हती. तिला हे माहीत होतं. ते ओठांवर आलं आणि तिने गिळून टाकलं.

"थोडा वेळ लागेल, काका," ती म्हणाली. "बसा तुम्ही."

तिने बायकांना खुणेने थांबवलं. दीपिकाने पदराने डोळे पुसले, चुलीतली लाकडं मागे ओढली आणि पाण्यावर झाकण ठेवलं.