रंभाबाईंची अन्योक्ती

शनवारा मोहल्ल्यात रंभाबाईंच्या जिभेला मान होता. टोमणा मारावा तर त्यांनीच. ऐकणारा हसत हसत घरी जायचा, चार घास खायचा आणि मग हात धुताना त्याला एकदम लागायचं. गल्लीतल्या नव्या सासवा त्यांच्याकडे सल्ल्याला यायच्या. त्यामुळे मुलाचं, रितेशचं लग्न ठरलं तेव्हा रंभाबाई मनातून खूश होत्या. इतकी वर्षं शेजाऱ्यांवर भागवलं, आता घरचं हक्काचं माणूस मिळणार होतं.

सून आली हिमानी. ती घरी बसून एम.ए. मराठी करत होती, आणि त्यात काव्यशास्त्राचा एक पेपर होता. तिथेच घात झाला.

पहिल्याच आठवड्यात ती उशिरा उठली. रंभाबाईंनी ठेवणीतला टोमणा काढला. "वा! आमची सून लय कामाची. सूर्य बी तिले विचारून उगवते."

सुनेने लाजावं, निदान पदर डोळ्यांना लावावा. हिमानीने टाळी वाजवली. "मम्मी, क्या बात है! ही तर व्याजस्तुती. वरून स्तुती, आतून निंदा. आमच्या पुस्तकात पण इतकं मस्त उदाहरण नाहीये."

रंभाबाईंना वाटलं, पोरीला ऐकू कमी येत असेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी आवाज चढवला. "मी मेली तरी या घरात कोनी पान्याचा घोट देनार नाही!"

"अतिशयोक्ती," स्वयंपाकघरातून उत्तर आलं, आणि पाठोपाठ पाण्याचा पेलाही आला.

मग त्यांनी खास सासवांची जुनी रीत काढली. सुनेशी बोलायचंच नाही, भांड्याशी बोलायचं. दुधाचं पातेलं समोर धरून त्या म्हणाल्या, "बाई पातेल्या, तूच तुले घासून घे. घरात सगळ्या शिकेल बाया. तुले कोन हात लावनार?"

"अन्योक्ती!" हिमानी धावत आली. "बोलायचं एकाला, लागायचं दुसऱ्याला. मम्मी, फिर से बोला ना एकदा, पाठ करून घेते."

टोमणा परत मागणारी सून रंभाबाईंनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. मिरच्यांची फोडणी द्यावी आणि कुणाला ठसकाच लागू नये, तसं झालं. त्यांचं जेवण कमी झालं. घरात शांतता पसरली. रितेश एवढा सुखावला, की आईला बरं नाही का हे विचारायचंही विसरला.

शेवटी एका दुपारी चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "सांग बरं, अजून किती हायेत असे?"

हिमानीने एकेक अलंकार सांगायला सुरुवात केली आणि रंभाबाईंची छाती फुगली. आपण आयुष्यभर जे बोललो ते शास्त्र निघालं! त्या भराभर शिकल्या. भाजीवाल्याने "अमृतासारखी गिलकी" म्हणताच त्यांनी त्याला उपमेवरून झापलं. पण विद्येने एक घोटाळा केला. आता टोमण्याआधी त्या विचार करू लागल्या. इथे व्याजस्तुती बरी की अन्योक्ती? ठरेपर्यंत भाजीवाला पुढच्या गल्लीत पोचलेला असे.

अशात श्रावणातला कानबाईचा सण आला. रविवारी सगळे भाऊबंद प्रसादाचे रोट खायला जमतात आणि सोमवारी सकाळी घरच्या सुना देवीला डोक्यावर घेऊन वाजतगाजत तापीवर विसर्जनाला नेतात. नेमका हिमानीचा पेपरही सोमवारी सकाळीच.

जैनाबादहून थोरली जाऊ मालूबाई आली होती. रंभाबाईंच्या जिभेपुढे ती आजवर कायम हरलेली. पेपरची बातमी कानावर आली तशी ती भर पंगतीत म्हणाली, "काय व रंभे, देवीले सोडून सून पेपरले जानार म्हने? आमच्या सुना अडानी, पन घराची लाज राखतात."

सगळ्यांचे घास हातात राहिले. रंभाबाई काय बोलतात हे ऐकायलाच निम्मी पंगत आली होती.

रंभाबाई शोधू लागल्या. व्याजस्तुती? मालूला ती गोडच लागेल. अन्योक्ती? जवळ एक भांडं नव्हतं, सगळ्या पत्रावळी. अतिशयोक्ती तर तिने आधीच करून टाकलेली. वेळ जात होता. मालूबाई हसायला लागली होती.

तेवढ्यात दारात रोटाचं ताट धरून उभी असलेली हिमानी हळूच म्हणाली, "राहू द्या मम्मी. पेपर अगले साल देईन."

रंभाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. पोरीचे ओठ थरथरत होते. त्यांच्या डोक्यातले सगळे अलंकार एकदम पुसले गेले.

"सून पेपरले जाईन," त्या म्हणाल्या. "कानबाईले मी नेईन. माही सून हाय. तिले कोनी बोलायचं नाही."

मालूबाईने रोटाचा तुकडा मोडला. टोमण्याला टोमणा तिच्याजवळ तयार होता, पण हा टोमणाच नव्हता. पंगतीत मात्र कुजबुज झाली, की रंभाबाई आता थकल्या. भाऊबंदांसमोर आपण इतकं साधं बोललो याची रंभाबाईंना स्वतःलाच लाज वाटली, आणि त्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. हिमानी मागोमाग आली. अलंकाराचं नाव सांगायला तिने तोंड उघडलं, पण कुठलंच सापडेना. मग ती सासूच्या खांद्यावर डोकं टेकून रडली.

सोमवारी सकाळी रितेशने मोटरसायकल काढली. हिमानी पेन घेऊन निघाली, तर आतून दुधाच्या पातेल्याशी बोलणं ऐकू आलं. "तू तरी घरी राय बाई. बाकीचे मोठे लोक झाले. पेपर देतात, आन् म्हाताऱ्या सासूले देवी डोक्यावर घेऊन नाचाले लावतात."

नाव हिमानीच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं, मान खाली घातली आणि पदर डोळ्यांना लावला.

रंभाबाई लगबगीने बाहेर आल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "लागलं?"

"खूप लागलं, मम्मी."

"मंग जा," रंभाबाई म्हणाल्या. "चांगला लिहिजो."