दिवे लागले, गाडी नाही

सुरय्याने किल्ली फिरवली. समोरचे सगळे दिवे लागले आणि बस्स. ना घरघर, ना साधा कट्ट असा आवाज. तिने पुन्हा फिरवली. गाडी ढिम्म.

तिकडे जयगडला, माहेरी, तिचे बाबा सकाळी गेले होते. भावाचा फोन आला होता, "दुपारी, जोहरच्या नमाजानंतर जनाजा उचलायचा ठरलाय. तुझ्यासाठी तोंड उघडं ठेवलंय. लगेच निघ." त्यांच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत. बापाचं तोंड शेवटचं बघायचं ते घरातच, जनाजा उंबऱ्याबाहेर पडायच्या आत. मांडवीहून तेव्हाच निघाली असती तर ती आरामात पोचली असती.

"काय केलंस गाडीला?" ती उमेरवर खेकसली. कॉलेजात जाणारं पोरगं, बापाची पाठ फिरली की दोस्तांना घेऊन गाडी पळवायचं.

"अम्मी, अल्लाची कसम, पप्पा जहाजावर गेल्यापासून हात पण लावला नाय."

"आजच्या दिवशी तरी खोटं बोलू नको!"

आरडाओरडा ऐकून शेजारचा निलेश धावत आला. त्याचा मासळीचा टेम्पो होता. गाडीतलं आपल्याला सगळं कळतं असा त्याचा समज होता, आणि आजवर तो कुणी खोडून काढला नव्हता.

"भाभी, बॅटरी गेली. दोन मिन्टाचा काम हाय."

त्याने हॉर्न दाबला. हॉर्न असा कोकलला की माडावरचे कावळे उडाले. बॅटरी ठणठणीत होती. तरी पठ्ठ्याने टेम्पो आणून वायर जोडून बघितलीच. मग गियर पार्कमधून न्यूट्रलला घेतला. मग दुसरी किल्ली लावली. मग फ्यूज काढले, फुंकले, परत बसवले. शेवटी गाडीखाली आडवा होऊन त्याने स्टार्टरवर पान्याने ठोकलं आणि ओरडला, "सेल्फ मारा आता!"

सुरय्याने मारला. दिवे लागले. ऑटोमॅटिक गाडी, धक्का मारायचीही सोय नव्हती.

मधेच तिने नवऱ्याला, वजीरला, व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलं, "गाडी चालू होत नाय. जल्दी फोन करा." जहाज भर समुद्रात. मेसेजपुढे एकच टिक दिसत राहिली.

गाडी पार मेली असती तर ही माणसं वेळेत हलली असती. पण दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता, म्हणजे आता होईल, आत्ता होईल. ज्या टेम्पोची वायर जोडली त्याच टेम्पोत बसून निघावं, हे तिघांपैकी एकालाही सुचू नये! अशा वेळी अक्कल कुठे चरायला जाते कोण जाणे.

अक्कल परत आली ती जोहरची बांग कानावर पडल्यावर. निलेशने पाना फेकला. "भाभी, उमेर, बसा टेम्पोत!"

गणपतीपुळ्याला अंगारकीची गर्दी होती. गाडीला गाडी चिकटलेली. निलेश हॉर्नवरचा हात काढीना, पण पुढचं कुणी हलेना. तेवढ्यात भावाचा फोन आला.

"लोक कवापासून उभे हायत. मी काय करू, तूच सांग."

सुरय्याने समोरची रांग बघितली.

"उचला," ती म्हणाली.

ती पोचली तेव्हा घरात फक्त बायका होत्या. अंघोळ घातली ती जागा अजून ओली होती, अत्तराचा वास होता. खाटेवर कुणी नव्हतं. उमेर तसाच कब्रस्तानाकडे धावला. सुरय्या त्या ओल्या जागेशी बसून राहिली. रडूही येईना.

संध्याकाळी वजीरचा फोन आला. त्याला फक्त तिचा मेसेज मिळाला होता. आवाज खुशीत होता.

"सुरय्या, सांगायचाच राहिला बघ! तूच बोललीस ना, उमेर गाडी पळवतो, काय तरी बंदोबस्त करून जा? ड्रायव्हर सीटच्या खाली चोरबटण बसवलंय. ते दाबल्याशिवाय गाडी सुरूच होत नाय. उमेरच्या बापाला पण सापडायचं नाय!" तो स्वतःच हसला. "दाब आणि मार सेल्फ. पण एवढ्या घाईत कुठं जायचं होतं तुला?"

दारात उमेर उभा होता, पायजम्याला लाल माती लागलेली. तिने फोन त्याच्या हातात दिला.

"तू सांग," ती म्हणाली. "मला नाय सांगता येत."