अनुपमाबाई वरंधला गेल्या

अनुपमा साळवे महाडच्या एका शाळेत गणित शिकवायच्या. त्यांचा नवरा अविनाश भोरहून स्कूटरवर परतत होता, तेव्हा वरंधजवळच्या वळणावर समोरून आलेल्या जीपने त्याला उडवलं. जीप चालवणारा मंगेश वरंधचाच, पंचविशीतला. घाईत वळणावर पुढच्या गाडीला मागे टाकायला गेला. अविनाश जागीच गेला.

रविवारी महाडमधली चार ख्रिस्ती कुटुंबं एका घरी जमत. प्रार्थनेत आम्ही इतरांना क्षमा करतो, असं म्हणायची जागा आली की अनुपमाबाईंचे ओठ मिटत. प्रार्थना चालवणाऱ्या पाळकांनी एकदा हळूच कारण विचारलं.

"देवाशी खोटं कसं बोलू?" त्या म्हणाल्या.

शाळेत काम करणाऱ्या गीताबाई वरंधच्या. एक दिवस त्या म्हणाल्या, "बाई, तो पोरगा जामिनावर सुटून आलाय, पन माणसात नाय. धड जेवत नाय. त्याची आय त्याला एकटा सोडत नाय."

ऐकून अनुपमाबाईंना आधी बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली. शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी वरंधची एसटी धरली.

मंगेशची आई राहीबाई ओटीवर नाचणी पाखडत होती. तिने कोर्टाच्या आवारात त्यांना पाहिलेलं होतं. सूप टाकून तिने त्यांचे पाय धरले.

"केस मागं घ्या बाई. एकलाच पोर हाय माझा."

"केस माझ्या हातात नाही, राहीबाई. आणि कोर्टात मी खरं तेच सांगणार."

राहीबाई उठून उभी राहिली. "मंग कशाला आलाव? त्याचे हाल बघायला? का तुमच्या देवानं धाडलं?"

"तो कधीचा सांगतोय. मीच ऐकत नव्हते." अनुपमाबाई ओटीच्या कडेला टेकल्या. "माझ्या चुकांची माफी मी त्याच्याकडे रोज मागते. तो देतो, असं मानते. मग ती घेऊन एकट्या माझ्यापुरती कशी ठेवू?"

"म्हंजे माफ केलंत त्याला?"

"अजून जमलेलं नाही. म्हणून तर आले."

मंगेश दारात येऊन उभा होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. "बाई, मी..." एवढंच त्याला बोलता आलं. येताना गाडीत जुळवलेलं वाक्य अनुपमाबाईंना आठवेना.

"जेवलास का?" त्यांनी विचारलं.

त्याने नाही म्हणून मान हलवली.

"वाढा, राहीबाई. मीही सकाळपासून उपाशी आहे."

भाकरी आणि कुळथाची पिठी होती. मंगेशने भाकरी संपवली आणि रिकाम्या ताटासमोर बसून तो रडला.

परतीची एसटी काही आली नाही. दारात मंगेशच्या चुलत्याची जीप उभी होती.

"मंगेश, मला महाडला सोडशील?"

"नको बाई," राहीबाई घाबरून म्हणाली. पण मंगेशने किल्ली घेतली. अनुपमाबाई त्याच्या शेजारी बसल्या.

अपघाताचं वळण आलं. त्याने जीप कडेला घेतली. "जमत नाय, बाई."

"मलाही इथे डोळे उघडे ठेवता येत नाहीत," त्या म्हणाल्या. "हळूहळू घे. मी बसलेय ना."

वळण मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "मी तुला माफ केलंय, मंगेश. उद्या पुन्हा राग येईल, तेव्हा पुन्हा करीन."

कोर्टात त्यांनी जे झालं ते सांगितलं. मंगेशनेही चूक कबूल केली. त्याला शिक्षा झाली.

तो तुरुंगात असेपर्यंत अनुपमाबाई सुट्टीला राहीबाईकडे जात राहिल्या. शेजारणीला राहवेना. "ती बाई तुझ्याकडं कशाला गो येते? धरम बदलायला?"

"तसलं कधी काय बोलली नाय," राहीबाई म्हणाली. "येते, माझ्यासंगं भाजी निवडते. आज उशीर झाला तिला, म्हनून वाट बघतंय."