येलहंक्यातली टकटक

योगीराज सूर्यवंशी येलहंक्यात राहायला आला तेव्हा घरमालकीणबाईंनी त्याच्यापासून काहीच लपवलं नव्हतं. पाणी भरपूर आहे, वारा आहे, आणि हवाईदलाचा तळ शेजारी आहे, असं सोयराबाईंनी आधीच सांगून टाकलं होतं. विमान डोक्यावर आलं की वाक्य तिथंच सोडायचं आणि ते गेलं की पुढचा शब्द उचलायचा. सोयराबाई आणि त्यांचे यजमान उमाजी यांची भांडणंसुद्धा अशीच तुकड्यातुकड्यानं चालायची.

योगीराज मूळचा निपाणीचा. बँकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, ही त्याची नोकरी. बायको बेळगावला कॉलेजात शिकवायची, त्यामुळे पहिल्या मजल्यावर तो एकटाच असे. दोन वर्षांपूर्वी त्याची आई, तानूबाई, गेली. आणि परवा मामेभावाला, अजिंक्यला, निपाणीच्या माळ्यावर एक जुनी कॅसेट सापडली. तीत आई गौरीचं गाणं म्हणत होती. अजिंक्यनं ते फोनवर पाठवलं. आईचा आवाज म्हणून जगात एवढंच शिल्लक होतं.

पण येलहंक्यात ते ऐकायचं कसं? विमान, पाण्याची मोटर, सोयराबाईंचा इडलीच्या पिठाचा ग्राइंडर, या सगळ्यांतून आई दीड ओळीपुरतीच हाती लागायची. शेवटी योगीराजनं बाहेरचा आवाज मारून टाकणारा महागडा हेडफोन मागवला.

संध्याकाळी खुर्चीत बसून त्यानं तो कानांवर चढवला. विमान गेलं, मोटर गेली, ग्राइंडर गेला. आई गायला लागली. आणि त्याच वेळी योगीराजला ऐकू आलं, टक. टक-टक. टक.

त्यानं हेडफोन काढला. टकटक बंद. घातला, पुन्हा सुरू.

चुका शोधण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्यानं यातून एकच निष्कर्ष काढला. कुणीतरी ठोकतंय, आणि आपण हेडफोन काढला रे काढला की तो थांबतोय. म्हणजे तो आपल्यावर नजर ठेवून आहे.

संशय अर्थातच वरच्या मजल्यावर गेला. तिथं बिंदुमाधव नावाचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर राहत. योगीराजनं दार वाजवून, सीमाभागातल्या आपल्या खणखणीत कन्नडात, ठोकणं बंद करा म्हणून सांगितलं. मास्तर हबकले. आपल्या घरात हातोडीच नाही म्हणाले. तरीही योगीराज हलेना, तेव्हा ते म्हणाले, "मी तुमच्यासमोर येऊन बसतो. मग तर झालं?"

ते खाली आले आणि खुर्चीत बसून दोन्ही हात वर धरून राहिले. योगीराजनं हेडफोन घातला. टक. टक-टक.

"मास्तर सुटले," तो म्हणाला. "आता सोयराअक्कांना बोलवा."

सोयराबाई पदराला हात पुसत वर आल्या, मागून उमाजीही आले. त्यांनीही हात वर केले. टकटक चालूच होती. उमाजींनी खाली जाऊन मोटर बंद केली, मग मेन स्विच पाडला. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. मास्तरांनी स्वतःहून चपला काढल्या. चौघंही अंधारात श्वास रोखून बसले.

"आता!" योगीराज ओरडला. "ऐकलंत?"

कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. पण माणूस भाडं वेळेवर देणारा होता. उमाजी समजुतीनं म्हणाले, "तुम्हाला येतंय म्हणजे असणारच की हो."

"स्वल्प, जरा इकडे द्या ते," म्हणत सोयराबाईंनी त्याच्या डोक्यावरून हेडफोन उचलला आणि आपल्या अंबाड्यावरून ओढून बसवला. थोडा वेळ त्यांनी डोळे मिटले. मग कानात विमान शिरल्यासारख्या मोठ्यानं म्हणाल्या, "अय्यो! हे आमच्या घरात नाही. गाण्याच्या आत ठोकाय लागलेत!"

योगीराज खजील झाला. त्यानं मास्तरांची माफी मागितली. मास्तरांनी आता कुठं हात खाली घेतले.

"मग कोण आहे आत?" उमाजींनी विचारलं. मेन स्विच पाडल्यावर आता त्यांनाही ते कळायलाच हवं होतं.

कॅसेट मामाच्या घरातली होती. योगीराजनं निपाणीला आप्पाजी मामांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

"मामा, आईचं गाणं टेप केलंत तेव्हा मागं कोण ठोकत होतं?"

"कसलं गाणं?"

"गौरीचं. आई गाते ती टेप."

"तसली टेप न्हाई आमच्यात," मामा म्हणाले. मग थोडं थांबून, "खलबत्त्याची टेप म्हणत असलास तर हाय."

चौघंही फोनवर वाकले. मामांनी मग सगळं सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ कृष्णाजी मस्कतला नोकरीला गेला होता आणि तिथं त्याला झोप म्हणून येत नव्हती. लहानपणी आजी पान कुटायची, त्या आवाजावर तो झोपायचा. म्हणून आप्पाजींनी गावातून टेपरेकॉर्डर मागून आणला, गडीमाणसांना शेताकडं पिटाळलं, कुत्रं बाहेर बांधलं आणि आजीच्याच खलबत्त्यात मन लावून पान कुटायला बसले.

"आणि अर्ध्यात तुझी आई सैपाकघरातनं सुरू झाली. मी हळूच म्हणलो, गप की म्हणून. तर मुद्दाम मोठ्यानं! कृष्णाजीनं मस्कतहून फोन केला, दादा, खलबत्ता झकास, पण मागं कोण कोकलतंय?"

"मामा, माझी आई आहे ती!"

"आरं, माझी बी बहीण हाय. पण कामाच्या वेळी काम."

यावर बिंदुमाधव मास्तरांनी नकळत मान डोलावली. मराठी त्यांना अर्धंच कळत होतं, पण शिस्त कळत होती.

"कृष्णाजी आता परत आलाय हितं," मामा म्हणाले. "म्हातारपणी पुन्हा झोप उडालीया त्याची. अजिंक्य म्हणत हुता, तुझ्याकडं आवाज मारायची मशीन हाय. तेवढं गाणं मारून खलबत्ता पाठव की."

फोन ठेवल्यावर योगीराज बराच वेळ धुसफुसत राहिला. सोयराबाईंनी हेडफोन परत घातला होता. "राग येऊ देऊ नका," त्या म्हणाल्या, "पण खलबत्ता खरंच सुंदर वाजतोय." उमाजींनी ऐकलं आणि गाणंच जास्त सुंदर आहे म्हणाले. त्यावरून दोघांचं जुंपलं आणि एक विमान येऊन गेलं तरी थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामातून वेळ काढून योगीराजनं आवाज वेगळे करणारं एक सॉफ्टवेअर मिळवलं आणि टेप त्यात घातली. तीन तुकडे निघाले. पहिला नुसता खलबत्ता. तो त्यानं निपाणीला पाठवून दिला. मामा असो नाहीतर कोणी, झोप न येणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? दुसऱ्यात नुसती आई होती. ती त्यानं ऐकली. आवाज स्वच्छ होता, पण खलबत्त्याचा ठेका नसल्यानं गाणं जरा पुढंमागं होत होतं, आणि आई कुठल्यातरी रिकाम्या हॉलमध्ये उभी राहून गातेय असं वाटत होतं. त्याला आनंदही झाला आणि नाहीही.

तिसऱ्या तुकड्यात उरलंसुरलं होतं, जे खलबत्ताही नव्हतं आणि गाणंही नव्हतं. त्यानं तो सवयीनं तपासायला घेतला. टेपची खरखर. कावळा. कुठंतरी झाकण पडलं. मग दबलेल्या आवाजात आप्पाजी मामा, "तानी, गप की!" आणि लगेच, स्वयंपाकघराच्या बाजूनं, आई हसली. फार नाही. तोंडावर पदर धरून हसायची तशी, नाकातून फुटलेलं हसू.

योगीराजनं ते किती वेळा ऐकलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग त्यानं मामांना फोन केला.

"मामा, तुम्ही गप म्हणालात तेव्हा आई हसली होती."

पलीकडं मामांनी आवाज खाली आणला.

"हसली व्हय?" ते म्हणाले. "मला इतकी वर्षं वाटलं, खोकली." त्यांनी घसा साफ केला. "बरं. ते बी पाठव. पण येगळं पाठव. खलबत्त्यात मिसळू नगंस, कृष्णाजी आत्ता कुठं झोपलाय."