उजव्या मनगटावरचं घड्याळ

बायको गेल्यावर पुस्तकं बांधणारा म्हातारा बाइंडर एकटा राहू लागला आणि मुलीच्या जिवाला घोर लागला. शेवटी तिनं घड्याळ आणलं. "बाबा, तुम्ही पडलात की हे आपणहून मला फोन लावणार. घरात नर्स, डॉक्टर नि पहारेकरी एकदम आले समजा."

"एवढी माणसं मावायची कुठं?" बाइंडर म्हणाला; पण तिनं उजव्या मनगटावर बांधलं ते त्यानं राहू दिलं.

घड्याळ हुशार खरं, पण एक गोष्ट त्याच्या टाळक्यात शिरेना. शिवलेल्या पुस्तकाची पाठ गोल करायला बाइंडर उजव्या हातानं हातोडीचे ठोके देई, आणि घड्याळाला वाटे, म्हातारा आपटला. ते थरथरून तीस सेकंद वाट पाही. बाइंडरची बोटं खळीनं बरबटलेली. ती पुसून फोन रद्द करायचं बटण दाबेपर्यंत फोन गेलेला असे.

"बाबा! पडलात?"

"छे गं, शब्दकोश ठोकत होतो."

"इथं मीटिंग सोडून जिन्यात धावत आलेय मी!"

"बरं, आलीच आहेस जिन्यात तर सांग, जेवलीस का?"

ती आधी चिडे, मग हसे, मग दोन मिनिटं बोले. एरवी रविवारी येणारा फोन दिवसातून तीनदा येऊ लागला. असलं गुणी यंत्र बाइंडरनं जन्मात पाहिलं नव्हतं.

महिन्याभरानं घड्याळाच्या कंपनीनं मुलीला तोडगा सांगितला. तिनं येऊन घड्याळ डाव्या हातात बांधलं. "घ्या, सुटलात माझ्या कटकटीतून."

सुटली बिचारी, बाइंडरच्या मनात आलं.

फोन थांबले. आपण करावा, तर सांगायचं काय? ती कामात असेल. चार दिवस तो फोनकडे बघायचा आणि पुन्हा सुई ओवायचा.

पाचव्या दिवशी दुपारी त्यानं घड्याळ गुपचूप उजव्या हातात चढवलं आणि हातोडी हाणली. आकडे उतरू लागले: तीस, एकोणतीस... विसापाशी त्याला धाप लागलेली मुलगी डोळ्यांपुढे दिसली. या वयात लेकीला फसवतोस? त्यानं खळीच्या बोटानंच बटण दाबलं.

मग हात धुतले आणि मनाचा हिय्या करून स्वतःच फोन लावला.

"बाबा? काय झालं? घड्याळानं कसं कळवलं नाही?"

"पडलोबिडलो नाही गं. तुझा आवाज ऐकावासा वाटला. कामात असशील तर ठेवतो."

उत्तर येईपर्यंत बाइंडरनं मनातल्या मनात दहादा फोन ठेवला.

"ठेवू नका." दार लागल्याचा आवाज आला. "मला वाटायचं, सारखा फोन आला की तुमचं काम खोळंबतं. म्हणून तर मी कंपनीच्या हात धुऊन मागे लागले."

"माझं? माझं काय खोळंबतंय!"

"मग बोला की. काय बांधताय?"

"नकाशांचं पुस्तक आहे," बाइंडर म्हणाला आणि स्टूल ओढून ऐसपैस बसला. "पण ते जाऊ दे. तू तुझं सांग."